शनिवारची बैठक आणि रविवारचा तबला सोलो, नीट वाचा

मंडळी नमस्कार, परत एकदा आठवण करतोय कारण मागच्या वेळी निम्म्या लोकांनी ग्रुप वाचलाच नव्हता. शनिवारी गाण्याची बैठक आहे, बरोब्बर सव्वासहाला सुरू, सवाई गंधर्व महोत्सवाच्या थाटाने सावकाश येऊ नका, तिकडे मांडवात हजारोंच्या गर्दीत उशीर खपतो, आपल्या सदाशिव पेठेतल्या हॉलमध्ये साठ माणसं मांडीला मांडी लावून बसतात आणि दार वाजलं की गाणाऱ्याची मान वळते. सुरुवात मारव्याने आहे म्हणून ही वेळ, तो संध्याकाळच्या संधिप्रकाशाचा राग, साडेसातला त्यात मजा नाही. मारव्यात पंचम (प हा स्वर) नसतो त्यामुळे तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी निषादाला (नी) लावतात, पुढे बसलात तर तो झंकार अंगावर येतो, माईक लावणार नाहीये. खोकला असेल तर खडीसाखर खिशात ठेवा प्लीज.

रविवारी सकाळी दहाला तबला सोलो, पेशकार, कायदे, रेले हे तबल्यातले रचनाप्रकार सगळे निवांत ऐकायला मिळतील, हार्मोनियमवर लेहरा (तालाचं आवर्तन दाखवणारी, पुन्हा पुन्हा वाजणारी धून). दाद जरूर द्या पण मांडीवर ठेका धरून शेजारच्याला हैराण करू नका (कोण ते तुम्हाला माहितीये).

पार्किंग नाही म्हणजे नाही, रिक्षाने या. पायांचा त्रास असलेल्यांसाठी मागे दहा खुर्च्या आहेत, हव्या असतील तर शुक्रवारपर्यंत इथेच नाव टाका. चहा मध्यंतरात, रेकॉर्डिंग बंद.