माझ्या ग्रीकच्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. दर रविवारी माझ्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, लोक बायबलचं जे वचन ऐकतात, ते उघडून सांगायला मला कुणी शिकवलं, हे त्यांनाही कळायला हवं.

नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून मी पुण्याला सेमिनरीत, पाळक घडवणाऱ्या महाविद्यालयात, आलो तो मराठी शाळेत शिकलेला मुलगा. बी.डी.ची (ईश्वरविद्येच्या पदवीची) पुस्तकं सगळी इंग्रजीत, वर नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक. पहिल्याच सत्रात गाशा गुंडाळायचा विचार पक्का होत आला होता. तुम्ही आम्हा मराठी मुलांना संध्याकाळी ग्रंथालयाच्या व्हरांड्यात बसवून क्रियापदांची रूपं मराठीतून समजावलीत. तो तास वेळापत्रकात नव्हता आणि त्याचा पगारही मिळत नव्हता. त्या व्हरांड्यामुळे मी आज पाळक आहे.

पण ग्रीकपेक्षा मोठं काही तुम्ही दिलंत. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रात, १४व्या अध्यायात, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं असं प्रेषित पौल लिहितो. ते वचन मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. तुम्ही त्याला बगल दिली नाहीत. सगळं पत्र एका बैठकीत मोठ्याने वाचायला लावलंत आणि मग विचारलंत: याच पत्राच्या ११व्या अध्यायात, प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रीने डोकं झाकावं असं पौल सांगतो, तिने बोलायचंच नसेल तर हा नियम कुणासाठी? आणि १४व्या अध्यायात गप्प राहायला सांगितलेल्या फक्त स्त्रियाच नाहीत. अर्थ सांगणारं कुणी नसेल तर आत्म्याच्या प्रेरणेने अन्य भाषा बोलणाऱ्यानेही गप्प राहायचं आहे. दुसऱ्याला प्रकटीकरण झालं तर आधी बोलत असलेल्या संदेष्ट्यानेही. त्या दोघांचं तोंड मंडळीने कायमचं बंद केलं नाही, मग स्त्रियांचंच का? वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही.

या वचनावर प्रामाणिक अभ्यासकांचं एकमत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. आमच्यातल्या एकाने तुमच्या नेमकं विरुद्ध मत मांडलं, तर नीट मांडणीबद्दल त्याला वर्गात सगळ्यांत जास्त गुण दिलेत. वचनाचा मान राखणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी दिसलं.

तुम्ही आम्हाला केडगावला मुक्ती मिशनला घेऊन गेलात, त्याबद्दल तर किती आभार मानू! पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. मुक्तीतल्या मुलीबायकांनी त्याच्या छपाईचे खिळे जुळवले. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल बाहेर आलं. स्त्रीने वचन शिकवावं का, हा वाद आपल्या मंडळ्यांत निघाला की मला तो छापखाना आठवतो. आणि आमच्या भागातल्या बायबल स्त्रिया आठवतात, ज्या घरोघर जाऊन बायकांना वचन सांगायच्या. त्यांच्या तोंडून ऐकलेल्या वचनावर आमच्या कितीतरी मंडळ्या उभ्या आहेत.

तुमच्या स्वतःच्या मंडळीत मात्र तुम्हाला संडे स्कूल आणि महिला संगतीपलीकडे कधी बोलावलं गेलं नाही. तुमचेच विद्यार्थी तिथल्या पुलपिटावर उभे राहायचे आणि तुम्ही बाकावर बसून त्यांच्या संदेशाचे मुद्दे वहीत लिहून घ्यायचात. तुम्ही याबद्दल कधी कडवट शब्द काढला नाहीत. मी मात्र म्हणतो की ते चूक होतं, आणि त्यात तुमच्यापेक्षा त्या मंडळीचं जास्त नुकसान झालं. तुमचा संदेश त्यांना ऐकायला मिळाला नाही.

दारं उघडतायत, पण किती सावकाश! चर्च ऑफ साउथ इंडियात पुष्पललिता बाई २०१३ मध्ये बिशप झाल्या. १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाला पहिली स्त्री बिशप मिळायला २०२४ उजाडलं: ओडिशातल्या फुलबनीच्या व्हायोलेट नायक. ती बातमी वाचल्यावर मला आधी तुम्ही आठवलात. तुमच्यासारख्या किती शिक्षिकांनी वर्गात घासलेल्या खडूचं ते फळ आहे!

आता आमच्याकडची बातमी. मंडळीतली एक मुलगी, शेतमजुराची लेक, बी.डी.साठी अर्ज करतेय. कमिटीत प्रश्न निघाला की मुलीला शिफारसपत्र द्यायचं का. मी करिंथकरांचं पत्र उघडलं आणि तुम्ही विचारलेले प्रश्न त्याच क्रमाने विचारले. चर्चा लांबली, मंडळीचे दोन वडील (एल्डर) नाराज आहेत, पण पत्रावर सही झाली. तिला ग्रीकची धास्ती वाटते, म्हणून तुमच्या टिपणांची वही तिला वाचायला दिली आहे. सुट्टीत तिला घेऊन तुमच्याकडे येईन. तेव्हा रविवार धरूनच येतो. पुढच्या महिन्यातला कुठलाही रविवार सांगा, परतताना तुम्हाला आमच्या मंडळीत संदेशासाठी घेऊन यायचं आहे. कमिटीने ठराव केलाय.

प्रभूच्या सेवेत,
तुमचा विद्यार्थी