हंचीचा भाऊ गाळावा का?

खानापूर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक आहे. आत्याने सांगितलेली हंचीची, म्हणजे खापराचा मुखवटा घालून परक्या घरी रांधणाऱ्या मुलीची, गोष्ट मी लिहून काढली होती. तिच्यावर एका बालमासिकाच्या संपादकांनी कात्री धरली आहे, आणि ही तक्रार तुझ्यावाचून कोणाजवळ करावी हे मला कळत नाही.

सोनेरी केसांच्या सख्ख्या बहिणीशीच लग्न करीन, असा हट्ट भावाने धरणे मुलांना सांगण्याजोगे नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. त्याऐवजी सावत्र आईने मुलीला हाकलले असे लिहावे आणि मधली कानडी गाणी काढावीत. पण भाऊच नसेल, तर मुलीच्या तोंडावर खापराचा मुखवटा चढवून तिला गुपचूप घराबाहेर काढणारी आई उरते कोठे? छळणारी सावत्र आई मुलीचे रूप झाकून तिला कशाला वाचवील?

ही युक्ती जुनीच आहे. लोककथा गोळा करणाऱ्या जर्मन ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या आवृत्तीत हिमगौरीचा जीव घेऊ पाहणारी सख्खी आईच होती. १८१९ मध्ये तिची सावत्र आई झाली. मात्र पोटच्या मुलीशी लग्न करू पाहणारा राजा त्यांनीही आपल्या संग्रहात राहू दिला, आणि त्याची मुलगी नाना प्राण्यांच्या कातड्यांचा झगा पांघरून पळते व परक्या राजवाड्याच्या स्वयंपाकघरात राबते. फ्रान्समध्ये परीकथा लिहिणाऱ्या पेरोने १६९४ मध्ये तिलाच गाढवाचे कातडे पांघरायला दिले होते. लोककथांच्या अभ्यासक मॅरियन कॉक्सबाईंनी १८९३ मध्ये सिंड्रेला आणि तिच्या या बहिणींची ३४५ रूपे एकत्र केली. म्हणजे आपली हंची सावकाराच्या घरी रांधत असली, तरी तिचे गणगोत फार दूरवर पसरले आहे.

हंची कानडी की मराठी, यावरून आपण एकदा निपाणीपर्यंत अबोला धरला होता. एके काळी बेळगावात शिकवणारे कवी आणि लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी कानडीतली हंची प्रसिद्ध केली म्हणून तू जिंकलास असे मात्र समजू नकोस. मांडे करणारी हंची त्यांच्याकडे नाही, ती आत्याचीच. आत्याही गोष्ट बदलत असेच. मुलगी गेल्यावर आई विष घेते, तो भाग ती लग्नघरात गाळी, आणि शेजारच्या कानडी बायका बसल्या की गाणी वाढवी. पण भावाला तिने कधी हात लावला नाही. समोर कोण बसले आहे हे पाहून ती बदल करीत असे. संपादकांसमोर कोणीच बसलेले नाही.

भाऊ ठेवणार असाल तरच छापा, असे मी त्यांना कळवणार आहे. मानधन बुडेल, पण ते चहापुरतेच होते.

सूनबाईंची धारवाडची बदली झाली का? कौले पावसाआधी चाळून घे. आणि मुखवटा फुटतो तेव्हाचे गाणे तुला येत असेल, तर कानडीतच लिहून पाठव. माझ्याकडे त्याची पहिलीच ओळ आहे.

तुझा,
वसंत