पाणी बघायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

चारचौघांत आभार मानलेले तुम्हाला रुचत नाहीत, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तरी हे पत्र उघड लिहिते आहे. तुम्ही शिकवलं ते वेताळ टेकडीवर रोज पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

2023 मध्ये टेकडीवरच्या नियोजित रस्त्याविरुद्ध पुणेकर एकत्र आले, तेव्हा मीही त्यांच्यात चालले होते. त्यानंतर सारखं वाटत राहिलं, की टेकडीसाठी हातांनी करण्यासारखं काहीतरी असणारच. तुम्हाला विचारलं. मला वाटलं, फावडं द्याल. तुम्ही म्हणालात, "चांगला पाऊस लागला की ये, आणि मोबाईल घरी ठेव." भर पावसात तुम्ही मला एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूच्या उतारावर उभं केलंत आणि पाणी वाटेत कुठून शिरतं, कुठे वेग धरतं, गाळ कुठे टाकतं, एवढंच बघायला लावलंत. बेसॉल्टवरचा मातीचा थर इथे किती पातळ आहे आणि एकदा वाटेची नाली झाली की तो किती झपाट्याने जातो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. इतकी वर्षं मी त्याच वाटेने फिरायला जात होते.

मृदसंधारणात उभी नोकरी काढलेल्या माणसाने सगळं ज्ञान पायवाटेसाठी वापरावं, याचं मला अजून नवल वाटतं. पाणलोटाचं काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचं, हा तुमचा पहिला धडा. वाट खाली फुटलेली दिसते, पण बिघाड वर कुठेतरी असतो. म्हणून आधी वर चढायचं. मग पाणी वाटेबाहेर काढायला दगडांच्या तिरक्या ओळी. वाटेला साधारण 45 अंशांत, आडव्या नव्हेत, नाहीतर पाणी मागे तुंबतं आणि वरून उडी मारून पुढची माती घेऊन जातं. दगडाचा दोन तृतीयांश भाग जमिनीत गाडायचा, फटीत चिपा ठोकून बसवायच्या, आणि त्यावर स्वतः उभं राहून बघायचं. हलला तर पुन्हा पहार. पाणी बाहेर पडतं तिथलं तोंड मोकळं ठेवायचं, तिथे दगड पसरायचे, म्हणजे खाली नवी घळ पडत नाही. वाट दरीच्या बाजूला किंचित कलती हवी आणि तिचा चढ डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त नको, हेही तुमच्याकडूनच कळलं. टेकडीचा बराच भाग वन विभागाचा, म्हणून परवानगी हातात आल्याशिवाय तुम्ही एक दगड हलवू देत नाही. त्या कागदांसाठी तुम्ही किती फेऱ्या घातल्यात, ते आम्ही पाहिलं आहे.

चोरवाटांचं तर वेगळंच. काटेरी फांद्या टाकून त्या बंद करायच्या, एवढंच मला माहीत होतं. तुम्ही आधी तिथून उतरणाऱ्या आजींना विचारलंत, "आई, मोठी वाट का सोडता?" पायरी उंच आहे, गुडघा दुखतो, असं त्या म्हणाल्या. आपण पायरीखाली आणखी एक दगड बसवला. फांद्या त्यानंतर टाकल्या. कोणाला तुम्ही रागावल्याचं मला आठवत नाही, आणि त्यामुळेच लोक तुमचं ऐकतात.

गवताबद्दल मात्र तुम्ही हट्टी आहात, आणि मीही आता तशीच झाले आहे. जुलै आला की कुठून तरी रोपांचा टेम्पो येतो आणि मोकळ्या माळावर खड्डे खणायची घाई सुरू होते. माळ म्हणजे रिकामी जागा नाही, हे तुम्ही प्रत्येक तुकडीला सांगता. कुसळीचं बी हातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाकून दाखवलात. त्याची शेपटी आपोआप पीळ सोडत फिरायला लागली. अशीच वळत ते स्वतःला मातीत रोवून घेतं. चंडोल आणि टिटवीची अंडी त्याच माळावर, जमिनीवरच असतात. झाड लावायचंच तर जिथे पूर्वी होतं तिथे, आणि इथलंच: गणेर, सालई, मोई, पळस. मध्य अमेरिकेतून आलेल्या उंदीरमारीच्या झाडांनी टेकड्यांचा केवढा भाग व्यापला आहे, हे बघितलं की तुमचा हट्ट पटतो.

उन्हाळ्यात वणवा अडवायला आखलेल्या जाळरेषांवरचा पाचोळा ओढायलाही तुम्ही आमच्या आधी हजर असता.

तुमची आई 1972 च्या दुष्काळात नालाबंडिंगच्या कामावर होती, असं एकदा चहा पिताना सांगितलंत. दगड कसा बसवायचा हे तुम्ही तिच्याकडून शिकलात आणि मी तुमच्याकडून. काका, त्या माउलीचेही आभार माझ्या वतीने मानते.

गेल्या महिन्यात तुमच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, त्यामुळे यंदा तुम्ही वर येणार नाही हे कळलं. काळजी करू नका. खाणीकडच्या वाटेवरच्या सगळ्या ओळींची तोंडं वळवाच्या आधी आम्ही साफ केली आहेत. दोन दगड सैल निघाले, ते पुन्हा बसवले. नव्या तुकडीतली पोरं फावडं मागत होती. त्यांना म्हटलं, पहिला मोठा पाऊस होऊ दे.

तुमची,
शनिवारच्या तुकडीतली