दोन मात्रांचा दम

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

काल घाणेकर नाट्यगृहात तुझी हलगी ऐकून परत येताना घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तू बसच्या खिडकीबाहेर बघत बसलास. आईने ठाणे स्टेशनवर वडापाव विचारला, तोही नको. मला आज तुर्भ्याला फर्स्ट शिफ्ट आहे. तू उठशील तेव्हा मी मशीनवर असेन, म्हणून हे लिहून फ्रिजवर लावतोय.

कुठे चुकलं ते मला कळलं. कोणालाच कळलं नसेल वगैरे म्हणणार नाही, जाणत्यांना कळलं. द्रुत लयीआधीची ती सात मात्रांच्या रूपक तालातली तिहाई, एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर यायचं ती. ६ मात्रांचा तुकडा, मग २ मात्रा गप्प, असा तुकडा तीनदा. ६ त्रिक १८, मधल्या दोन जागांचे ४, झाले २२. रूपकाची तीन आवर्तनं २१ मात्रांना संपतात, म्हणून २२वा ठोका बरोबर समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. तू दुसऱ्या वेळी एकच मात्रा थांबलास. ढोलकी, संबळ, ताशा पोचायच्या आत एकटी हलगी कडाडली. तबला असता तर कदाचित खपलंही असतं, हलगी लपत नाही रे बाबा.

(रूपकात समेलाच खाली येते, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा. तिथे एवढा दणका कशाला, हे मला अजून पटलेलं नाही. असो, बसवलंय तुमच्या सरांनी.)

त्या गप्प राहण्याला दम म्हणतात. तो असला तर दमदार तिहाई, नसला तर बेदम. तुझा हात तयार आहे, दम मात्र आधीच उडाला होता. पावसाळी हवेने कातडं ढिलं पडलेलं, मेकअपरूममध्ये जाळ करायची सोय नाही, म्हणून तू हेअर ड्रायरने हलगी शेकत होतास ते मी दारातून पाहिलं. आईचाच ना तो? तिला अजून पत्ता नाही.

तुझ्याएवढा असताना कळव्याला एका भजन स्पर्धेत मी पखवाजावर होतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक मीच लावलेली, जरा जास्तच, त्यामुळे डावा हात नुसता भदभद बोलत होता. तिसऱ्या अभंगाला ठेका सटकला आणि मी घाबरून आणखी जोरात वाजवत सुटलो. पेटीवाले काका मानेने खुणावतायत, टाळकरी बघतायत, मी आपला बडवतोय. अख्खा अभंग गेला. बुवांनी पुढे महिनाभर माझ्या हातात टाळ दिले.

तू तसं केलं नाहीस. चुकल्यावर काठ्या वर धरल्यास, एक आवर्तन नुसता झांजवालीच्या हाताकडे बघत राहिलास आणि पुढच्या समेला गुपचूप आत शिरलास. मी आईचा हात दाबला. तिला वाटलं, निघूया म्हणतोय.

साडेतीनपर्यंत मी घरी येतो. तुझ्या प्रॅक्टिसआधी अर्धा तास बसू. मी हाताने टाळी-खाली धरतो, तू डायनिंग टेबलावर वाजव, आणि त्या दोन रिकाम्या मात्रा मोठ्याने म्हण. ऊन पडलं तर हलगी बाल्कनीत ठेव, पण लक्ष ठेव, कबुतरं बसतात. पोळी-भाजी फ्रिजमध्ये आहे, गरम करून घे.

आणि आई उठायच्या आत ड्रायर जागेवर ठेव.

तुझा,
बाबा