‘ज्वारी खा’ असं सांगण्याआधी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

मधुमेहाच्या रुग्णांना तू देतोस तो आहारतक्ता वाचला. पथ्य म्हणून चोख आहे. पण ‘गहू-तांदूळ कमी, ज्वारी-बाजरी जास्त’ ही पहिलीच ओळ रेशनवर चालणाऱ्या घराला झेपत नाही, आणि ‘ही माणसं ऐकतच नाहीत’ हे तुझं म्हणणं मला मुळीच पटत नाही.

अन्नसुरक्षा कायद्याखाली ‘प्राधान्य’ गटाचं रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला माणशी महिना 5 किलो धान्य मिळतं, 2023 पासून फुकट. पण ते बहुतेक ठिकाणी गहू-तांदूळच. ज्वारी रोख मोजून आणायची. एकेकाळी घरोघरी भाकरी रोजची आणि गहू सणाचा असे. आता गरिबाच्या ताटात पोळी आणि पैसेवाल्याच्या ताटात भाकरी. खरिपाच्या ज्वारीची रानं सोयाबीननं घेतली, आणि रब्बीची चांगली मालदांडी ज्वारी गव्हाहून महाग. सुगीनंतर पोतं भरलं तर जरा स्वस्त पडते, पण रोजंदारीवाल्याकडे पोत्याचे पैसे एकदम येतात कुठून? तो उधारीच्या दुकानातून किलो-दोन किलो नेतो, चढ्या भावानं.

पिठाचंही तसंच. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापतानाच चिरते. उकळतं पाणी घालून मळलं तर थोडं सावरतं. बाजरीच्या पिठात तेल जास्त, ते लवकर कडू होतं. म्हणून थोडंथोडंच दळायचं, गिरणीच्या फेऱ्या वाढवायच्या. शिवाय पहाटे धुण्याभांड्याला निघणारी बाई पोळ्या रात्री लाटून ठेवते. भाकरी सकाळी कडक होते, ती डब्यात पोरं खात नाहीत.

गहू-तांदूळ कमी करायचे तर डाळ वाढवायला हवी, आणि तिचा हिशेब तर फारच कठीण. माणशी रोज 85 ग्रॅम धरलं तर चार मोठ्या माणसांना महिन्याला 10 किलो लागते. 120 रुपये भाव धरला तरी 1200 रुपये झाले. मग आमटी पातळ होते आणि पोट भातानं भरतं.

म्हणून रेशनकार्ड कोणतं, रांधतं कोण आणि कधी, एवढं आधी विचार. 5 किलो गव्हात अर्धा किलो हरभरा घालून दळायला सांग. भात निम्मा करून मोडाची मटकी, शेवग्याचा पाला, भाजीत शेंगदाण्याचं कूट, आठवड्याला जमतील तेवढी अंडी. (मूत्रपिंड बिघडलेल्यांना यातलं काय आणि किती द्यायचं, ते तूच ठरव.) नवा तक्ता छापायच्या आधी मला पाठव; भाव आणि मापं मी भरून देतो.

तुझा,
विनायक