आजीच्या खांद्यावरची बोटं

चि. ओवीस,
अनेक आशीर्वाद.

परवा घरच्या ग्रुपवर तू तो मुलं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ टाकलास, मैत्रिणीने काढलाय म्हणून. सगळ्यांदेखत बोललो नाही, म्हणून हे पत्र. व्हिडिओवर दोन बाण होते, पाहिलेस? म्हणजे तो कितीतरी फोनांतून फिरत आलेला. तुझ्या मैत्रिणीने काढलेला नक्कीच नाही.

2018 मध्ये असाच एक देशभर फिरला होता. गल्लीत पोरं खेळतायत, मोटारसायकलवरून दोघं येतात, एकाला उचलून पसार. तो होता कराचीचा, जनजागृतीसाठी मुद्दाम बनवलेला. मूळ व्हिडिओत ते दोघं परत येतात, पोराला सोडतात आणि फलक दाखवतात, की मूल पळवायला एक क्षण पुरतो. आपल्याकडे आला तो हा शेवट छाटून. आत कुणी काही घुसडलं नव्हतं गं. नुसती कात्री.

त्याच वर्षी 1 जुलैला, धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षेला गेलेली, बहुतेक आपल्या मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणारे म्हणून जमावाने धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं. पाचही गेले. लहानपणी डौर वाजला की तू पिठाची वाटी घेऊन दाराशी धावायचीस, ते लोक हे. मला ती बातमी वाचल्यावर दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. घातली, पण पाचाचे पंचवीस व्हायला कितीसा वेळ लागतो?

आता माझं. स्टुडिओ चालवतो, कात्री रोजच माझ्या हातात. नवरीला दोन छटा उजळ करून द्या, हे तर न सांगताच करावं लागतं (मला आवडत नाही, पण अल्बमचे पैसे त्याचेच). ताईच्या लग्नातला आजीचा फोटो आठवतो? रुखवताशेजारी एकटीच, प्रसन्न हसतेय. नीट बघ, तिच्या डाव्या खांद्यावर तीन बोटं आहेत. ती मामांची. मानपानावरून फुगून बसलेले, आजी त्यांना हसवत होती. तोंड एवढं वाकडं होतं की मी त्यांना कापलं आणि बोटं राहून गेली. तेरा वर्षं झाली, कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

तुझा व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिला. दुकानाची पाटी मराठी नाही, हिंदीही नाही. गाडीची नंबरप्लेट आपल्याकडची नाही. आणि तो मध्येच तुटतो, बाई ओरडायला तोंड उघडते तिथेच. पुढे काय झालं असेल?

ग्रुपवरून काढून टाक, आणि मैत्रिणीलाही सांग. तिला ओरडू नकोस. दिवाळीला आलीस की आजीचा अख्खा फोटो दाखवतो, मामांसकट. त्यांना मात्र कळू देऊ नकोस.

तुझा,
बाबा