मॉनिटरच्या जाहिरातीत पोर्टचाही उल्लेख हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या ठाणे-नवी मुंबई पुरवणीत गेले काही रविवार संगणकाच्या मॉनिटरच्या जाहिराती येत आहेत. त्यांपैकी एकीत ठळक टायपात 'फोरके' आणि त्याच ओळीत '३२० हर्ट्झ' असे छापलेले होते. फोरके हे रिझोल्युशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, आणि हर्ट्झ हा रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो वेग. हे दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते एकाच वेळी खरे नाहीत. 'ड्युअल मोड' म्हणून जे मॉनिटर अलीकडे निघाले आहेत, ते फोरके रिझोल्युशनवर साधारण निम्म्या वेगाने चालतात. पूर्ण वेग हवा असेल तर रिझोल्युशन फुल एचडीवर उतरवावे लागते. मुलाच्या हट्टापायी पैसे मोजणाऱ्या पालकाला त्या एका ओळीतून हे कळणे शक्य नाही. जाहिरात खोटी म्हणता येत नाही, म्हणून तक्रारीला जागा नाही, आणि गैरसमज तर होतोच.

मी नौपाड्यात राहतो. टीव्ही दुरुस्तीत हयात गेल्यामुळे नातलगांकडील असल्या वस्तूंचे निदान माझ्याकडे येते. माझा भाचा नेरुळला सिडकोच्या जुन्या घरात राहतो आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून त्याने या पावसाळ्यात २७ इंची, फोरके, १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला. आठवडाभराने त्याचा फोन आला : "मामा, चित्र झकास आहे, पण खेळ जुन्या मॉनिटरसारखाच अडखळतोय. पीस खराब लागला का?"

ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून मी नेरुळला गेलो. मॉनिटर ठणठणीत होता. टेबलामागे जुन्या मॉनिटरची एचडीएमआय केबल आधीच ओढलेली असल्याने त्याने तीच नव्याला जोडली होती, आणि सोबत आलेली डिस्प्लेपोर्ट या दुसऱ्या जातीच्या जोडणीची केबल पिशवीसुद्धा न फोडता थर्माकोलच्या खाचेत तशीच पडून होती. त्या मॉनिटरवरील एचडीएमआय पोर्ट (केबल खोचायची जागा) २.० जातीचे निघाले. त्यातून सेकंदाला १८ गिगाबिट माहिती जाते आणि फोरके चित्र तेवढ्या वाटेने ६० हर्ट्झपर्यंतच येऊ शकते. डिस्प्लेपोर्ट १.४ ची वाट ३२.४ गिगाबिटची आहे आणि माहिती दाबून पाठवण्याची सोय वापरली की तिच्यातून फोरके १४४ हर्ट्झ मिळते. केबल बदलल्यावर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये, 'डिस्प्ले'खालील 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले'त १४४ चा पर्याय उमटला. तरीही तो आपोआप लागला नाही, हाताने निवडावा लागला. म्हणजे ज्या वेगासाठी जास्तीचे पैसे मोजले, तो आठवडाभर थर्माकोलमध्ये पडून होता. खोक्यावर '१४४ हर्ट्झ' हे बोटभर उंचीच्या अक्षरांत होते. ते कोणत्या पोर्टातून मिळेल, हे मात्र आतल्या घडीच्या कागदावर मुंगीच्या टायपात. नव्या एचडीएमआय २.१ ने हा घोळ मिटेल असे म्हणावे, तर त्या नावाखालील बरीचशी वैशिष्ट्ये उत्पादकाला ऐच्छिक आहेत, त्यामुळे नुसता '२.१' हा शिक्का पाहून निर्धास्त होण्यातही अर्थ नाही.

केबल बदलल्यावर व्हॅलोरंटसारखा हलका खेळ लोण्यासारखा चालू लागला. माझ्या बहिणीला या प्रकरणात रस नव्हता, पण माउसचा बाण पडद्यावर गोल फिरवून दाखवला तेव्हा तीही म्हणाली, "आता बाण तुटत नाही रे." त्याचा दुसरा खेळ, ज्यात मोठ्या शहरात मोटारीने हिंडायचे असते, तो मात्र सेकंदाला ३० फ्रेमच्या, म्हणजे चित्रांच्या, आसपासच रखडत राहिला. याचे कारण केबल नव्हे. भाच्याकडे आरटीएक्स ३०६० हे मधल्या फळीतले ग्राफिक्स कार्ड आहे, आणि इथे साधा गुणाकार आडवा येतो. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. दुकानदार ज्याला 'टूके' म्हणतात त्या २५६० गुणिले १४४० मध्ये सुमारे ३६.९ लाख, आणि फोरकेमध्ये सुमारे ८२.९ लाख, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. प्रत्येक फ्रेमला हे सगळे ठिपके कार्डाने रंगवायचे असतात. मॉनिटर कितीही वेगवान असला, तरी कार्ड सेकंदाला ३० चित्रे देत असेल, तर पडद्यावर नवी अशी ३० च दिसणार; बाकीच्या वेळी मॉनिटर तेच चित्र पुन्हा दाखवतो. त्याच खेळाचे रिझोल्युशन फुल एचडीवर आणले तेव्हा तो ७० च्या वर गेला.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, मॉनिटरची निवड दुकानात नव्हे, तर घरी, संगणकाचे झाकण उघडून, आत कोणते कार्ड बसले आहे हे पाहून सुरू करावी. आपल्याकडे उलटे होते. आधी मोठ्यात मोठ्या आकड्याचा मॉनिटर येतो आणि मग त्याला पेलणारे कार्ड घेण्यासाठी वडिलांच्या मागे लागणे सुरू होते.

रिफ्रेश रेटबद्दल दुकानांतून एक जुना युक्तिवाद अजून ऐकू येतो, की हर्ट्झ जास्त म्हणजे डोळ्यांना त्रास कमी. हा पिक्चर ट्यूबच्या जमान्यातला उरलेला माल आहे. दूरदर्शनचे चित्र ६२५ रेषांचे असे आणि सेकंदाला २५ चित्रे ५० अर्ध्या भागांत, एकाआड एक रेषा घेऊन, काढली जात. ट्यूबवरचा उजेड लगेच विझत असल्याने वेग कमी पडला की पडदा लुकलुके. आजच्या एलसीडी पडद्यावर पुढचे चित्र येईपर्यंत आधीचे तसेच तेवत राहते, त्यामुळे वेग वाढवण्याचा लाभ हलणाऱ्या वस्तूंपुरता आहे. मग चित्रपट २४ फ्रेममध्ये सुरळीत का दिसतो, असे भाच्याने विचारले. प्रश्न रास्त होता. चित्रपटाच्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्र काही क्षण उघड्या राहिलेल्या झडपेतून उमटते, त्यामुळे धावणाऱ्याचा हात थोडा फिसकटलेला येतो आणि डोळा ती फट भरून काढतो. खेळातले चित्र बहुधा एका क्षणाचे, धारदार असते. शिवाय चित्रपट पाहणाऱ्याचे हात मांडीवर असतात, तर खेळणाऱ्याचा हात माउसवर असतो आणि आपण हलवले ते पडद्यावर कधी उमटते याची त्याला घाई असते.

त्या घाईचाही हिशेब मांडता येतो. ६० हर्ट्झवर दोन चित्रांमध्ये १६.७ मिलिसेकंदांचे अंतर असते, १४४ वर ६.९, २४० वर ४.२ आणि ३६० वर २.८. पहिल्या उडीत जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचतात, दुसरीत तीनही नाहीत आणि तिसरीत दीडही नाही. स्पर्धेत उतरून व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्याला २४० चा मोह होणे मी समजू शकतो, आणि त्याने २४ इंची फुल एचडी घेऊन तो जरूर पुरवावा. तिथे रिझोल्युशन कमी असल्याने कार्डावरचा बोजा हलका होऊन भार बराचसा प्रोसेसरवर येतो, तेवढे मात्र ध्यानात ठेवावे. इतरांनी १४४ ते १८० च्या पुढे पैसे टाकू नयेत.

आता टेबलाची लांबी-रुंदी. सिडकोच्या घरातल्या दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीला टेकवलेले टेबल दोन फूट खोल असते आणि डोळे पडद्यापासून साधारण ६० सेंटिमीटरवर येतात. निरोगी डोळ्याला त्या अंतरावरून सुमारे ०.१७ मिलिमीटरपर्यंतचा तपशील वेगळा ओळखता येतो. २४ इंची फुल एचडीचा ठिपका ०.२८ मिलिमीटरचा, २७ इंची १४४० चा (दुकानातल्या 'टूके'चा) ०.२३ चा आणि २७ इंची फोरकेचा ०.१६ चा असतो. याचा अर्थ जवळ बसणाऱ्याला फोरकेची अक्षरे खरोखरच अधिक रेखीव दिसतात, हे मान्य केले पाहिजे. दिवसभर कोड किंवा नकाशे वाचणाऱ्याने ते खुशाल घ्यावे. पण मीटरभर मागे सरकून बसणाऱ्याला १४४० आणि फोरके यांतला फरक फारसा जाणवत नाही. स्वस्तात मिळतो म्हणून २७ इंची फुल एचडी घेणे मात्र टाळावे. त्याचा ठिपका ०.३१ चा, म्हणजे जवळून दाणे मोजता येतील असा असतो. मधल्या फळीतील कार्ड आणि दोन फुटांचे टेबल असलेल्या घराला २७ इंच, १४४० आणि १४४ हर्ट्झ हा मेळ बसतो. भाच्याने विचारले असते, तर मी हेच सांगितले असते.

फ्रेमचा वेग खालीवर होतो तेव्हा चित्र मधोमध चिरल्यासारखे दिसू नये म्हणून मॉनिटरचा वेग कार्डाच्या वेगाशी जुळवणारी 'ॲडॅप्टिव्ह सिंक'ची सोय असते. ती डिस्प्लेपोर्टच्या मानकात २०१४ मध्ये आली आणि आरटीएक्स बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या कार्डांनी जानेवारी २०१९ पासून अशा मॉनिटरांना दार उघडले. ही सोय किती हर्ट्झपासून किती हर्ट्झपर्यंत चालते, ते तेवढे विचारून घ्यावे. खोक्यावरच्या 'एक एमएस'कडे, म्हणजे ठिपक्याचा रंग एका मिलिसेकंदात बदलतो या दाव्याकडे, मात्र खुशाल दुर्लक्ष करावे. तो आकडा बहुधा ज्या सेटिंगवर मिळतो, त्यावर हलत्या वस्तूच्या कडेला पांढुरकी सावली उमटते.

दुकानांची आणखी एक रीत सांगतो. स्टेशन परिसरातील काय किंवा लॅमिंग्टन रोडवरील काय, मॉनिटर दाखवताना त्यावर यूट्यूबवरचा धबधबा नाहीतर पोपट लावलेला असतो. पोपटाचे पीस न् पीस मोजून घ्या, रंग पारखून घ्या; पण यूट्यूबचा व्हिडिओ ६० फ्रेमच्या वर जातच नाही, तेव्हा १४४ हर्ट्झची परीक्षा त्या पोपटावर होऊ शकत नाही. त्यापेक्षा ६० आणि १४४ अशी सेटिंग बदलत माउसचा बाण किंवा एखादी खिडकी फिरवून दाखवणे दोन मिनिटांचे काम आहे आणि त्याला इंटरनेटही लागत नाही.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. विक्रेत्यांनी जाहिरातीत मूळ रिझोल्युशन, त्याच रिझोल्युशनवर मिळणारा रिफ्रेश रेट, तो कोणत्या पोर्टातून मिळतो आणि ती केबल खोक्यात आहे की नाही, एवढे एका ओळीत छापावे. फोरके आणि ३२० एकत्र छापायला जागा मिळते, तर याही मजकुराला मिळेल. आणि आपण पुरवणीत अशा जाहिराती स्वीकारताना हा मजकूर मागून घ्यावा, कारण शालेय साहित्यापासून गृहकर्जापर्यंतच्या जाहिराती जिथे वाचल्या जातात, तिथे आलेला आकडा लोक बातमीइतकाच विश्वासाने घेतात.

भाच्याने मॉनिटर परत करायचा प्रयत्न केला, परंतु खोके फोडलेले असल्याने तो घेतला गेला नाही. आता मोठ्या शहराचा तो खेळ तो फुल एचडीवर लावून खेळतो. चौपटीचा हिशेब नेमका असल्याने प्रत्येक ठिपका दोन बाय दोनच्या चौकोनात बसवता येतो आणि चित्र १४४० लावल्यावर होते तसे पुसट होत नाही. नवे कार्ड घेईपर्यंत फोरकेचा उपयोग सेमिस्टरच्या नोट्स वाचण्यापुरता चालू आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)